चिवड्याचं अनेकवचन

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीडीएफ पडायला लागतात. दिवाळी अभ्यास इयत्ता पहिली, दिवाळी अभ्यास इयत्ता दुसरी. उघडलं की ५ पणत्या अधिक ३ पणत्या, शेजारी पणतीचं चित्र, खाली रिकामी चौकट. पुढच्या पानावर तेच, फक्त पणतीच्या जागी आकाशकंदील. डिसेंबरात त्याच कागदावर स्नोमॅन येतो आणि ज्यांनी जन्मात बर्फ पाहिला नाही ती लेकरं स्नोमॅन मोजत बसतात. मला याचा खरंच त्रास होतो. पणती काढून तिथे पेन्सिल ठेवली तरी गणित तेच राहतं ना, मग त्यात दिवाळी कुठे आली?

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग घेते. इतक्या वर्षांत माझं मत पक्कं झालंय की आपल्या सणांत गणित आणि व्याकरण आधीपासूनच भरलेलं आहे, वरून चिकटवायची गरजच नाही.

हादगाच घ्या. पुण्याकडे भोंडला, विदर्भ-खानदेशात भुलाबाई, आमच्याकडे हादगा. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं रोज एकेक वाढत जातं. मी मुलांना चिंचोके देते आणि विचारते की नऊ दिवसांत मिळून किती गाणी झाली? आधी सगळी एकेक करून मोजतात, चुकतात, परत मोजतात, मी काही बोलत नाही. मग कुणीतरी पहिल्या दिवसाचा एक चिंचोका नवव्या दिवसाच्या ढिगात सरकवतं, दहा होतात, आणि तिथून जी पळापळ सुरू होते, दोन आणि आठ, तीन आणि सात, चार आणि सहा, मधले पाच एकटेच राहतात. चार दशक पाच सुट्टे, पंचेचाळीस. दहाच्या जोड्या मी फळ्यावर महिनाभर लिहिल्या असत्या तरी इतक्या पक्क्या झाल्या नसत्या.

आणि खिरापत ओळखणं म्हणजे तर विशेषणाचा अख्खा पाठ आहे. डबा हलवून दाखवायचा, मुलांनी प्रश्न विचारायचे, पण नाव घ्यायचं नाही, फक्त कशी आहे ते विचारायचं. गोड आहे का? तिखट आहे का? कोरडी? पिवळी? मग लाडू निघाला की मी म्हणते, आता लाडू कसा ते सांगा. 'पिवळी'चं 'पिवळा' झालं, 'कोरडी'चं 'कोरडा' झालं, पण 'गोड' गोडच राहिलं! एक पोरगी तर चिडलीच, बाई, गोड का बदलत न्हाई? दुसरीतल्या मुलीला हा प्रश्न पडला यातच माझा पाठ झाला. विकारी-अविकारी ही नावं पुढे कधीतरी कळतील, घाई नाही.

आता फराळाचं सांगते, कारण ही पोस्ट खरं तर त्यासाठीच लिहायला घेतली. गेल्या वर्षी सुट्टीच्या आदल्या आठवड्यात फळ्यावर फराळाची यादी केली आणि एक-अनेक घ्यायला लागले. एक करंजी, दोन करंज्या. एक अनारसा, दोन अनारसे. एक शंकरपाळं, खूप शंकरपाळी. लाडू मात्र एक असो की दहा, लाडूच. सगळं मजेत चाललेलं, तोवर चिवडा आला. एक मुलगा जोरात म्हणाला, एक चिवडा, दोन चिवडं! आणि त्याच्या शेजारची लगेच त्याच्याकडे वळून, आरं चिवडा काय मोजत्यात व्हय, चिवडा वाटीनं घेत्यात.

मी खडू खाली ठेवला. चिवड्याचं अनेकवचन 'चिवडे' असं सांगून मी पुढे गेले असते, चुकीचंही नव्हतं ते. पण त्या मुलीनं जे पकडलं होतं ते मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये कुणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं. मग जमिनीवर दोन गोल काढले, एक मोजायच्या वस्तूंचा आणि एक मापायच्या वस्तूंचा. करंजी, चकली, पणती, फुलबाजी इकडे. चिवडा, शेव, तेल, साखर, रवा तिकडे. मोजायच्या गोलातल्या शब्दांपुढे दोन, तीन, चार लागतात, मापायच्या गोलात आधी वाटी, चमचा, पावकिलो असं काहीतरी लागतं. व्याकरण आणि गणित एकाच गोलात येऊन बसलं! नंतर एकाने पोह्यांची अडचण काढली. पोहे तर अनेकच असतात, एक पोहा कोण म्हणतंय, पण घ्यायचे तर वाटीनेच. त्यावर वर्गात दहा मिनिटं भांडण चाललं आणि शेवटी पोहे दोन्ही गोलांच्या मधल्या रेघेवर ठेवायचं ठरलं. मी ते तसंच राहू दिलं.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २१ वाचायला 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना. मला एकवीस हा शब्द प्यारा आहे, पण 'एक' आधी ऐकू येतो म्हणून १२ लिहिणारी मुलं मी दरवर्षी बघते. गणपतीत मातीचे २१ मोदक करून घेतले, दहा-दहाची दोन ताटं लावली आणि एक बाहेर राहिला की हे बरंच सुधारतं. ताटं आधी लिही, उरलेला नंतर, एवढंच सांगावं लागतं.

एक गोष्ट मात्र मी कायमची बंद केली. सुट्टीनंतर 'दिवाळीत काय केलं, पाच वाक्यं लिहा' हे मी आता देत नाही. आमच्याकडे कारखाना सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांची मुलं मधेच वर्गात येऊन बसतात. एका वर्षी अशीच एक मुलगी पाटी घेऊन बराच वेळ नुसती बसली आणि मग तिने एकच वाक्य लिहिलं, 'आमी टॅक्टरमदी होतो.' त्या पाटीसमोर मला उभं राहवेना. तेव्हापासून सणाचं जे काही करायचं ते शाळेच्या सामानावर, शाळेच्या ओट्यावर, सगळ्यांनी मिळून. कुणाच्या घरी काय झालं हे विचारायचंच नाही.

त्या मुलीला दुसऱ्या दिवशी रांगोळीला बसवलं. सात ते चार ठिपके, म्हणजे चार, पाच, सहा, सात आणि परत सहा, पाच, चार. बाकीची मुलं ठिपक्यांवर बोट ठेवून मोजत होती. तिने दोन्ही बाजूच्या ओळी जोडीनं धरल्या, आठ, दहा, बारा, तीस झाले, मधले सात, सदतीस. कुठे शिकलीस गं विचारलं तर म्हणाली, वाढ्याच्या पेंढ्या आशाच मोजत्यात, दोनी अंगानं. वाढं म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा.

माझ्या वर्गात तीन मुलं ईद करणारी आहेत, त्यांच्यासाठी शीरखुर्म्याचं दूध आणि शेवया मापायच्या गोलात घेऊन झाल्यात, चंद्र बघून २९ की ३० रोजे हे कॅलेंडरवर मोजून झालंय. पण व्याकरणाचं अजून नीट काही सुचलेलं नाही. कुणी वर्गात केलं असेल तर कमेंटमध्ये सविस्तर लिहा. पीडीएफ नको, मुलं काय बोलली ते लिहा.