नीपशी झुंज

एडिनबरातल्या आमच्या पहिल्याच जानेवारीत शेजारच्या आजींनी बर्न्स नाइटला जेवायला बोलावलं. २५ जानेवारी ही कवी रॉबर्ट बर्न्सची जयंती. जन्म १७५९चा, आणि त्याच्या नावानं लोक अजून हॅगिसवर, म्हणजे मेंढीच्या काळीज-फुप्फुसांच्या खिम्यावर, ताव मारतात. (आपल्याकडे कवीच्या वाट्याला हार आणि अध्यक्षीय भाषण.) हॅगिस आणि टॅटीज, म्हणजे बटाटे, आजी करणार होत्या. "तू फक्त नीप्स आण. नीप म्हणजे टर्निप रे!" इथंच घात झाला.

मी टर्निप म्हणून पांढरे, गोंडस सलगम आणले. आजींनी पिशवीत डोकावून कपाळाला हात लावला. स्कॉटलंड ज्याला टर्निप म्हणतं त्याला इंग्लंड स्वीड म्हणतं, आणि आमच्या दुकानातली पाटी इंग्लंडचं ऐकते. पुन्हा गेलो. जांभळट, मातकट, सोललेल्या नारळाएवढा ऐवज, वजनाला वरवंटा.

सुरी अर्ध्यावर जाऊन रुतली. पुढे जाईना, मागे येईना. मूठ उचलली तर अख्खा नीप सुरीसकट वर आला. तसाच ओट्यावर आपटला. खालच्या मजल्यावरच्यांनी छत ठोकलं. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "विळी नेली असतीस तर?" विळी मीच बॅगेतून काढली होती, विमानतळावर शस्त्र समजतील म्हणून. मागून बाबा: "दगडावर फोड." शेवटी फोडी झाल्या, त्यात एका बोटाचा टवकाही गेला.

हे सगळं कोबीच्या खानदानातलं, त्यामुळे उकळायला लागल्यावर घरभर तोच वास. अर्धा तास झाला तरी काटा शिरेना, मग कुकरला लावला. चौथ्या शिट्टीला शरण आला. पण पाणी निथळून, पातेलं पुन्हा आचेवर धरून फोडी कोरड्या करायच्या असतात, हे मला कुठं ठाऊक? लोणी-मिरपूड घालून घोटलं तर केशरी पिठलं झालं.

आजींनी ते मुकाट्यानं बटाट्यात कालवलं, वर चाइव्ह्ज (कांद्याच्या पातीची धाकटी बहीण) भुरभुरल्या आणि "ऑर्कनी बेटांवर याला क्लॅपशॉट म्हणतात" असं सांगून माझी अब्रू राखली. चवीला गोडसर, किंचित कडवट, झकास.

मग त्या लहानपणच्या आठवणींत रमल्या. तेव्हा हॅलोविनला भोपळे कुठले, नीपचेच कंदील करायचे. आतला गर पोरंच कोरून काढायची.

"कशानं?" मी विचारलं.

"चमच्यानं."

मी पट्टी बांधलेलं बोट हळूच टेबलाखाली घेतलं.