बसला लेन द्या, मग विचारा गाडी का काढता

"एवढा ट्रॅफिक असतो तर गाडीनं जाताच कशाला? बसनं जावं." हा सल्ला या स्कीच्या हंगामात ज्यांनी ज्यांनी मला दिला, त्या सगळ्यांना एका शनिवारी पहाटे सहाला डेन्व्हरहून स्कीच्या डोंगरांकडे जाणाऱ्या महामार्गावर, फ्लॉइड हिलला आणून उभं करावं असं मला मनापासून वाटतं. मागच्या सीटवर दोन पेंगुळलेली मुलं, डिकीत चौघांचे बूट, स्की, हेल्मेटं, समोर डोळा पोचेल तिथवर लाल दिव्यांची रांग, आणि शेजारच्या लेनमध्ये तीच बस. आमच्याइतकीच थांबलेली. काचेला डोकं टेकून झोपलेली माणसं दिसतात. त्यांनी तो सल्ला ऐकला होता. पोचली कुठे? माझ्या शेजारी.

जे इथे, अमेरिकेत कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला, राहत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. शहराच्या पश्चिमेला रॉकी पर्वत. त्यात लव्हलँड, अरापाहो बेसिन, कीस्टोन, ब्रेकेनरिज, कॉपर, व्हेल अशी एकापुढे एक स्कीची ठिकाणं, आणि या सगळ्यांकडे जाणारा मोठा रस्ता एकच, आय-७०. ब्रेकेनरिज डेन्व्हरहून जेमतेम ८० मैल. मंगळवारी दुपारी दोन तासांच्या आत आरामात पोचता येतं. हिवाळ्यातल्या शनिवारी त्याच अंतराला चार तास लागले तरी कुणाला नवल वाटत नाही, आणि रविवारी संध्याकाळी परतताना पुन्हा तेच. एवढा वेळ जाणार हे सगळ्यांनी गृहीत धरलंय, आणि मला चीड त्याचीच येते. बर्फाचं वादळ आलं, दरड कोसळली, तर माणूस समजून घेतो. पण लख्ख उन्हात, कोरड्या रस्त्यावर, कुठेही अपघात नसताना हजारो लोक दर शनिवारी अर्धा दिवस गाडीत बसून काढतात, आणि त्यावर उपाय म्हणून आपल्याला मिळतात ते सल्ले.

लवकर निघा. कितीला? पूर्वी सहाला निघणारे पाचला निघायला लागले, पाचचे साडेचारला. आता साडेचारलाही रांग असते. शुक्रवारी रात्री जाऊन राहा. जोडसुट्टीला चौघांना राहायला खोली काय भावानं मिळते ते बघा आणि मग बोला. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. मुलांची शाळा बुडवू? नोकरीवर काय सांगू? आणि सगळ्यात संताप आणणारा सल्ला म्हणजे तिथेच एक कॉन्डो घेऊन टाका. हे सांगणाऱ्या माणसाशी मी पुढे बोलतच नाही.

रस्ता असा का तुंबतो हे काही गूढ नाही. डोंगराखालचा आयझेनहॉवर बोगदा १९७३ मध्ये सुरू झाला, त्याला जोडून दुसऱ्या दिशेचा जॉन्सन बोगदा १९७९ मध्ये. जाताना दोन लेन, येताना दोन लेन. तेव्हाही तेवढ्याच, आजही तेवढ्याच. १९७० च्या जनगणनेत कोलोरॅडोची लोकसंख्या २२ लाख होती, २०२० मध्ये ५७ लाखांच्या वर गेली. ११ हजार फुटांवरच्या त्या बोगद्यात गाड्या अडकून पडू नयेत म्हणून गर्दी झाली की बाहेरच रोखून धरतात. ते बरोबरच आहे, आत रांग लागणं धोक्याचं. पण त्यामुळे रांग मागे मागे सरकत जाते. त्यात फ्लॉइड हिलला तीन लेनच्या दोन होतात. हे सगळं सगळ्यांना माहीत आहे. वर्षानुवर्षं माहीत आहे.

आता बसचं बोलू, कारण मी बसच्या विरोधात नाही. उलट माझा सगळा राग बसच्या बाजूनं आहे. राज्याची स्नोस्टँग नावाची बस हिवाळ्यात शनिवार-रविवारी डेन्व्हरच्या युनियन स्टेशनहून ठरावीक स्की रिसॉर्टना जाते. जाऊन-येऊन तिकीट २५ डॉलर. घाटातल्या बर्फात गाडी हाकणारे ते चालक किती सराईत असतात हे मी पाहिलंय, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण आमच्यासारख्या घराला ती बस कशी परवडावी, सांगा. आम्ही दक्षिणेकडच्या उपनगरात राहतो. शनिवारी पहाटे तिथून स्टेशनवर पोचायचं तर गाडीच काढावी लागते. मग स्टेशनजवळ दिवसभराचं पार्किंग शोधा, त्याचे पैसे भरा. दोन मोठ्यांचे ५० डॉलर, वर मुलांचे. बूट, स्की, डबे, सुके मोजे, सगळं खांद्यावर. दुपारी एक वाजता धाकटीचे हात गारठले, ती रडायला लागली, तर संध्याकाळच्या बसपर्यंत तिला घेऊन लॉजमध्ये बसून राहायचं. एवढं सगळं मी आनंदानं केलं असतं, खरंच केलं असतं, जर ती बस गाडीच्या आधी पोचत असती. तासभर नको, अर्धा तास आधी पोचली असती तरी केलं असतं. ती गाडीबरोबर पोचते. त्याच रस्त्यानं, त्याच लेनमधून, त्याच लाल दिव्यांच्या मागून.

म्हणून म्हणते, गाडी की बस हा प्रश्नच खोटा आहे. बसला गाडीपेक्षा वेगळं असं काही तुम्ही दिलेलंच नाही, मग मी निवडायचं कशातून?

आणि लेन नाही असं कुणी म्हणू नये. लेन आहे. वाटेतल्या आयडाहो स्प्रिंग्स गावाजवळच्या पट्ट्यात रस्त्याच्या कडेची जागा वापरून टोलची एक्सप्रेस लेन केलेली आहे. परतीच्या बाजूनं २०१५ पासून, जाण्याच्या बाजूनं २०२१ पासून. गर्दीच्या दिवशी ती उघडतात आणि गर्दी वाढली की टोल वाढतो. त्या लेनमध्ये पाच जणांनी भरलेली गाडी आणि एकटा माणूस बसलेली गाडी, दोघांना टोल तोच. गाडीत जास्त माणसं घेतली म्हणून पैशाचीही सवलत नाही. शेजारच्या दोन घरांनी मिळून एकच गाडी न्यावी, असं वाटायला लावणारं त्यात काहीच नाही. ज्याच्या खिशात पैसा तो पुढे. रस्ता सरकारी, जागा सरकारी, आणि ती मोकळी मिळणार ज्याला परवडेल त्याला! मी दर वेळी त्या पट्ट्यात दात-ओठ खाते. टोल भरला तरी खाते आणि नाही भरला तरी खाते, कारण भरला तर वाटतं की लुबाडले गेलो, आणि नाही भरला तर डोळ्यांसमोरून एकेकटे चालक सुसाट निघून जातात. बरं, ती लेनही बोगद्यापर्यंत पोचत नाही. एम्पायर गावाच्या फाट्याजवळ संपते, आणि पैसे भरलेले, न भरलेले सगळे पुन्हा एकाच रांगेत.

आता फ्लॉइड हिलला मोठं काम चाललंय. २०२३ मध्ये सुरू झालं, खर्च ७० कोटी डॉलरच्या वर. पश्चिमेकडे जाताना तिसरी लेन मिळणार. ऐकून बरं वाटलं होतं. मग कळलं, तीही टोलचीच. इतके पैसे ओतून, डोंगर फोडून, पूल बांधून आणखी एक लेन आपण करतोय, आणि शनिवार-रविवारच्या सकाळी ती बससाठी राखून ठेवू असं छातीठोकपणे कुणी म्हणत नाही. एका भरलेल्या बसमध्ये चाळीस-पन्नास माणसं मावतात. तेवढीच माणसं गाड्यांनी निघाली तर वीसएक गाड्या होतात. हे गणित माझ्या तिसरीतल्या मुलाला जमतं.

बर्फाच्या टायरचा विषयही काढायलाच हवा. १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात डेन्व्हरजवळच्या मॉरिसनपासून व्हेलच्या पलीकडच्या डॉटसेरोपर्यंत आय-७० वर टायरचा नियम लागू असतो. बर्फाचे टायर घाला, नाहीतर चाकांना लावायच्या साखळ्या जवळ ठेवा, फोर व्हील ड्राइव्ह असली तरी टायरची नक्षी झिजलेली नको. चांगला नियम आहे. आम्ही दर हिवाळ्यात टायर बदलतो, त्याला पैसे पडतात, पण बदलतो. आणि मग कुणीतरी गुळगुळीत टायरची गाडी घेऊन चढावर येतो, आडवा होतो, आणि त्याच्यामागे हजारो लोक तासन् तास थिजतात. पुष्कळदा ती विमानतळावरून भाड्यानं घेतलेली गाडी असते, आणि चालवणाऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिलेला असतो. रस्ता अडवणाऱ्याला ६५० डॉलरच्या वर दंड आहे, पण तो गाडी अडकल्यावर. बर्फ पडत असताना चढाच्या आधी थांबवून टायर बघणारं कुणी मला सहसा दिसत नाही. त्या पाहुण्याला मी तरी किती दोष देऊ? विमानातून उतरलेल्या माणसाला वेळेवर पोचवणारी दुसरी सोय असती तर तो मुळात स्टिअरिंगवर बसलाच नसता.

माझे सासरे गेल्या हिवाळ्यात आले होते. आयुष्यभर पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीननं नोकरीला गेलेला माणूस. जॉर्जटाउनच्या पुढे आम्ही असेच अडकलो होतो आणि त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "अगं, इथे रेल्वे का नाही टाकली?" मी घरी येऊन वाचायला बसले आणि डोक्याची शीर उठली. टाकली होती! ब्रेकेनरिजला आगगाडी १८८२ मध्ये पोचली होती. खाणींसाठी, बोरियास पास ओलांडून, वाफेच्या इंजिनावर, अकरा हजार फुटांहून उंच. १९३७ मध्ये ती बंद केली. जॉर्जटाउनचा तो प्रसिद्ध रेल्वेचा वळसा १८८४ चा, आय-७० वरून नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तोही १९३९ मध्ये उखडला, आणि नंतर पर्यटकांना चक्कर मारायला म्हणून १९८४ मध्ये परत उभा केला. आमच्या भोर घाटात १८६३ मध्ये रेल्वे चढली आणि आजही त्या घाटातून माणसं रोज कामाला जातात. इथे चढवलेली रेल्वे उतरवून ठेवली, आणि आज आम्ही तिच्या शेजारी गाडीत बसून तिचा फोटो काढतो.

एक आगगाडी आहे, तिचं नाव घेतलंच पाहिजे. युनियन स्टेशनहून सकाळी सातच्या सुमारास निघते, १९२८ मध्ये खुल्या झालेल्या सहा मैलांच्या मॉफॅट बोगद्यातून जाते आणि दोनेक तासांत विंटर पार्कच्या लिफ्टपासून चार पावलांवर उतरवते. १९४० पासून २००९ पर्यंत ही स्की ट्रेन चालली, मग बंद पडली, २०१७ पासून नव्यानं सुरू झाली. अलीकडे एका बाजूचं भाडं १९ डॉलरपासून असतं. मुलं खिडकीला नाक लावून बसतात, मी डोळे मिटून चहा पिते. हे जमतं! याच राज्यात, याच डोंगरात, याच बर्फात जमतं. पण ती एकाच रिसॉर्टला जाते, तीही फक्त हिवाळ्यात, तेही सगळे दिवस नाही. ज्या रस्त्यावर खरी गर्दी आहे त्या आय-७० च्या दरीत रिसॉर्टपर्यंत नेणारे रूळच नाहीत. २००१ मध्ये डोंगरातल्या मोनोरेलच्या चाचणीसाठी ५ कोटी डॉलर द्यायचे का असं मतदारांना विचारलं, ते नाही म्हणाले. २०१४ मध्ये राज्याच्या अभ्यासानं सांगितलं की उंच मार्गावरून वेगानं धावणारी रेल्वेसारखी गाडी इथे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण तेवढा पैसा नाही. विषय संपला.

माझी मामेबहीण झुरिकला राहते. स्की खांद्यावर टाकून आगगाडीत बसते, ल्यूसर्नला गाडी बदलते, एंगेलबर्गला उतरते. टिटलिस पाहायला टूरबरोबर गेलेल्या कितीतरी मराठी माणसांना ते गाव माहीत आहे. झरमॅटला तर पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना गावात प्रवेशच नाही, टॅशला गाडी ठेवून पुढे रेल्वेनं जायचं. तिला मी आमच्या शनिवारचं सांगितलं तर तिला आधी खरंच वाटेना.

आणि एक गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. आमच्या आय-७० वरची बहुतेक रिसॉर्ट व्हाइट रिव्हर या राष्ट्रीय वनाच्या जमिनीवर, सरकारी परवान्यानं चालतात. ती जमीन लोकांची आहे. ज्याच्याकडे गाडी नाही, ज्याला बर्फात चालवायची भीती वाटते, जो नुकता आलाय आणि लायसन्सची वाट बघतोय, त्याचीही आहे. आमच्या ओळखीतली कितीतरी मास्टर्सची मुलं इथे दोन-दोन हिवाळे काढतात आणि तासाभरावरचा बर्फाचा डोंगर खिडकीतून बघून परत जातात.

मला एक्सप्रेस लेनवर सवलत नको. पार्किंग आणखी बांधू नका, ती भरणारच. शनिवार-रविवारी पहाटे पाच ते दहा जाताना आणि दुपारी दोन ते सात येताना ती लेन बसना द्या, फक्त बसना आणि भरलेल्या व्हॅनना. जिथे ती लेन संपते तिथून बोगद्यापर्यंत बसना आधी सोडा. दर वीस मिनिटांनी बस सोडा, म्हणजे रडणाऱ्या पोराला घेऊन दुपारी एकलाही परत येता येईल. उपनगरांतून सोडा, नुसती स्टेशनवरून नको. गाडीवाले आरडाओरडा करतील. करू देत. आज तेही रांगेतच उभे आहेत, आणि त्यांच्या शेजारून पन्नास माणसांची बस न थांबता निघून गेली, की पुढच्या शनिवारी त्यातले निम्मे तरी तिच्यात बसलेले असतील. मी तर नक्कीच.