आठ तासांचा दिवस आणि जमशेटजी टाटा : एक खुलासा

सेवाभावी नेतृत्वाचा दाखला म्हणून सध्या एक मजकूर फिरतो आहे : १९१२ मध्ये जमशेटजी टाटांनी जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला आणि तेथे कधीच संप झाला नाही. यातील वर्ष तेवढे बरोबर आहे. जमशेटजींचे निधन १९०४ मध्ये जर्मनीत झाले, कंपनी १९०७ मध्ये स्थापन झाली आणि आठ तासांचा निर्णय त्यांचे पुत्र दोराबजी यांच्या काळातला आहे; जमशेदपूर हे नावही १९१९ चे, तोवर ते साकची होते. संप १९२०, १९२२ आणि १९२८ मध्ये झाले. कामगारांचा हा लढा पुसून टाकणे मला अन्यायाचे वाटते.

मात्र निर्णयाचे मोल कमी होत नाही, कारण १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांना बारा तास राबवण्याची मुभा दिली होती. जमशेटजींचे खरे काम पाहायचे तर नागपूरला जावे लागते. १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये, जिथे हवेत कापसाची तूस तरंगते आणि एका ठिणगीने अख्खे खाते पेटू शकते, तिथे त्यांनी छताला आग विझवणारे पाण्याचे फवारे बसवले, कोरड्या हवेत ओलावा राखणारी यंत्रे आणली (त्याने सूतही कमी तुटते, हेही नमूद करायला हवे), १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी उभारला आणि १८९५ पासून अपघातग्रस्तांना भरपाई देण्यास सुरुवात केली.