स्वतःचं आयसीयू काढताय? हे वाचून घ्या

सगळ्यात आधी दार. काचेचं, आपोआप उघडणारं. पैसे तिथेच ओता, कारण नातेवाइकांना तेवढंच दिसतं.

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला स्वतंत्र नर्स हवी, असं शिकवतात. शिकवू द्या. पाच बेडना एक पुरते.

रात्री तज्ज्ञ नको. एखादा आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचा निवासी डॉक्टर, बसवा आणि ‘सरांशी फोनवर बोलणं झालंय’ एवढं त्याच्याकडून घोकून घ्या.

हात धुणं ऐच्छिक ठेवा. अमेरिकेत मिशिगनला नियमच केला होता: सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेतली नळी, टाकताना डॉक्टरने हात धुण्यापासूनची एक पायरी जरी गाळली, तरी नर्सने त्याला थांबवायचं. १०३ आयसीयूंमधलं रक्तातलं इन्फेक्शन तीन महिन्यांत झपाट्याने उतरलं. आपल्याकडे सिस्टर सरांना थांबवणार? नातेवाइकांच्या चपला मात्र बाहेरच काढायला लावा, त्यात ढिलाई नको.

आणि मुख्य म्हणजे, प्रमुख कुणालाही नेमू नका. प्रत्येक अवयवाला वेगळे सर येऊ देत. परवा आमच्या मावशीच्या वेळी हे डोळ्यांनी पाहिलं. सकाळी हार्टवाले आले, म्हणाले अंगात पाणी साठलंय, लघवीचं इंजेक्शन वाढवा. दुपारी किडनीवाले आले, म्हणाले पाणी कमी पडतंय, सलाइन वाढवा. छातीवाले म्हणाले उद्या व्हेंटिलेटर काढू. न्यूरोवाले म्हणाले ती शुद्धीवर आली की बघू. पण शुद्धीवर येणार कशी? झोपेचं औषध चालूच! का, तर आधीच्या शिफ्टमध्ये लिहिलंय. कुणी? ठाऊक नाही. बंद कोण करणार? ‘सर आले की विचारते.’ कोणते सर? हे औषध रोज एकदा थांबवून पाहिलं, तर व्हेंटिलेटरचे दिवस साधारण सातावरून पाचावर येतात, हा शिकागोचा अभ्यास २००० सालचा आहे. इथे चार सरांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, व्हिजिटच्या चार रकमा मात्र बिलात न चुकता लागल्या.

बिलिंग काउंटर तेवढा चोवीस तास सुरू ठेवा. हातमोज्यांचा हिशेब तिथे अचूक निघतो.

पुरे झालं. १९५२ साली कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा पुरेशी यंत्रं नव्हती. मेडिकलची पोरं पाळ्या लावून पेशंटच्या उशाशी बसली आणि हाताने पिशवी दाबून त्यांना श्वास देत राहिली. तुमचं आयसीयू तिथून आलंय, काचेच्या दारातून नाही. आणि तुम्ही माणसंच काढून टाकलीत. एक जबाबदार डॉक्टर नेमा. सकाळी सगळ्यांनी एकाच बेडपाशी उभं राहून एक निर्णय घ्यावा, खाली एकाची सही. सिस्टरला दोनच पेशंट द्या. यातल्या कशासाठी परदेशातून मशीन आणावं लागतं? माणूस आत झोपून आहे, बाहेर पोरं दागिने गहाण टाकतायत, आणि औषध कुणी लिहिलं एवढं साधं विचारलं तर ‘उद्या या’ म्हणता. लाज कशी वाटत नाही?