‘मी आलो’ म्हणणाऱ्या बायकांच्या गावाहून

गेल्या एप्रिलमध्ये ऑफिसच्या एचआरचा मेल आला. २०१४ साली १५ एप्रिललाच तृतीयपंथीयांना कायदेशीर ओळख देणारा सुप्रीम कोर्टाचा नालसा निकाल लागला, म्हणून त्या दिवशी कार्यक्रम आहे, ‘तुमच्या कम्युनिटीबद्दल’ दहा मिनिटं बोलाल का? हो म्हटलं. बोलणं संपल्यावर चहाच्या टेबलाशी अकाउंट्समधल्या काकूंनी हळूच एक रुपयाचं नाणं पुढं केलं. “तुमच्या हातानं परत द्या ना. पाकिटात ठेवलं की बरकत असते म्हणतात.”

बाई भली, मनात खोट नाही. पण काकू, माझ्या हाताला कसली बरकत? इंजिनिअरिंगला चार बॅकलॉग, आता फ्लॅटचा हप्ता. दिलं नाणं परत. त्या खूश.

राग आला तो माझाच. त्या दहा मिनिटांत ‘आमचा समाज असा, आम्हाला हे हवं’ असं मी बिनधास्त ठोकून दिलं होतं. कुठला आमचा?

आजोळी, गडहिंग्लजजवळ, आमच्या गल्लीत एक जोगते मामा आहेत, म्हणजे यल्लम्मा देवीला सोडलेले. लुगडं नेसतात, कपाळभर भंडारा, आणि मंगळवार-शुक्रवारी डोक्यावर यल्लम्माचा जग, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली टोपली, घेऊन जोगवा मागतात. त्यांचं चौंडकं, ते एकतारी वाद्य, ऐकू आलं की आजी पसाभर जोंधळे घेऊन उंबऱ्यात हजर. २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्याची व्याख्या वाचताना दिसलं की किन्नर, हिजडा, अरावनी यांच्या पंगतीला चक्क ‘जोगता’ बसलाय. त्याच व्याख्येत जेंडरक्विअर, म्हणजे बाई-पुरुष या दोन्ही चौकटींत न बसणारी माझ्यासारखी माणसंही होती. म्हणजे मी आणि मामा एका वाक्यात! उत्साहाच्या भरात मामांना सांगितलं, ओळखपत्र काढू, जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतं. तंबाखू मळत त्यांनी ऐकून घेतलं. “मला यल्लम्मा आईनं धरलंय. त्यात कलेक्टर काय सही करनार?” मग जरा थांबून, “रेशन वाढवून मिळत आसंल तर मात्र बघ.”

मामांना नवव्या वर्षी जट आली म्हणून घरच्यांनी देवीला सोडलं. कुणी विचारलं नव्हतं. मला मात्र विचार करायला पंचवीस वर्षं मिळाली, वर इंटरनेट.

दुसरा माझा मित्र, ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्मल्यावर मुलगी म्हणून नोंदलेला, नोकरी बँकेत. सर्जरीचा कागद दाखवून त्यानं त्याच कायद्याच्या कलम ७ खाली ‘पुरुष’ असा दाखला मिळवला. तो मोर्चाला येत नाही, सप्तरंगी झेंडा तर नकोच. “मला तिसरं काही नको होतं, पहिलंच हवं होतं,” म्हणतो. आमचं भांडण ठरलेलं. त्याच्या वडिलांनी माझी एक पोस्ट वाचून त्याला सुनावलं होतं, “ते बघ, काही न कापता राहतंय ना? मग तुलाच दवाखाना कशाला?” यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही.

आणि मुंबईच्या डेऱ्यातल्या, म्हणजे गुरूच्या हाताखाली एकत्र राहणाऱ्या हिजड्यांच्या घरातल्या ताई. त्या तोंडावर सांगतात, “तू गुरू केला नाहीस, दुकानादुकानांत हात पसरून बाजार मागितला नाहीस, तुला काय कळणार?” त्यांना माझ्या सर्वनामांत काडीचा रस नाही. त्यांचा विषय समांतर आरक्षण, म्हणजे आपापल्या जातीच्या कोट्यातच तृतीयपंथीयांना राखीव जागा. त्या मातंग समाजातल्या. तृतीयपंथी म्हणून वेगळ्या रांगेत उभं राहायचं तर जातीची रांग सोडायची का, हा त्यांचा प्रश्न, आणि मला तो सगळ्यात रोखठोक वाटतो. मामांची देवी ज्या राज्यात आहे त्या कर्नाटकानं २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत १ टक्का समांतर आरक्षण दिलं. देवीच्या सौंदत्तीहून गडहिंग्लज ते कितीसं लांब!

एका बाबतीत मात्र आम्हा सगळ्यांचं एकमत. २०१९ च्या कायद्यानं आमच्यावरच्या लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षं. बाईवरच्या बलात्काराला किमान दहा. हे ऐकून मामांनी तंबाखू थुंकली, बोलले काहीच नाहीत.

माझं म्हणाल तर भानगड व्याकरणाची आहे. आमच्याकडं बायका सर्रास ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात. आई म्हणते, आजी म्हणते. पुण्याच्या होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात रूममेटनं दुरुस्त केलं, “आलो काय, आले म्हण!” तोवर मला प्रश्नच पडला नव्हता. तेव्हापासून वाक्यं वळवायची सवय लागली. ‘मी जाईन’ चालतं, भविष्यकाळ काही विचारत नाही. ‘मी भाकरी खाल्ली’ यात बाई असते ती भाकरी. ही पोस्टही तशीच लिहिली आहे, वर जाऊन बघा. मित्राचं नेमकं उलट. ‘आलो’ हा एवढासा शब्द चारचौघांत मोठ्यानं म्हणता यावा म्हणून त्यानं पाच वर्षं पैसे साठवले. मामांना दोन्ही चालतं, आणि आमच्या गावात तसाही फरक कळत नाही.

यंदा एचआरचा परत मेल आला. दहा मिनिटांत एवढी माणसं बसत नाहीत असं कळवलं, तर त्यांनी वीस दिली. मित्र नाही म्हणाला, ते ठाऊकच होतं. ताईंनी मानधन किती ते विचारलं, रास्तच आहे. मामांना फोन केला.

“चौंडकं वाजवायचं आसंल तर येतो. भाषण-बिषण तुझं तू बघ.”

हॉलमध्ये चौंडकं चालेल का, असं एचआरला विचारून आठ दिवस झाले. अजून उत्तर नाही.