माझी कमेंट मला दिसते, तुम्हाला नाही

आज जरा लांबलचक लिहिणार आहे. घाई असेल त्यांनी पुढे सरका, राग नाही.

महिन्याभरापूर्वी एका कंपनीचा टेबललॅम्प घेतला होता. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की विषय लॅम्पचा होतो आणि मला लॅम्पबद्दल बोलायचं नाहीये. वीसेक दिवसांत त्याचं बटण आत गेलं ते बाहेरच येईना. दोन ईमेल केले, मग त्यांच्या फेसबुक पेजवर मेसेज टाकला. मेसेजला सेकंदात उत्तर : "नमस्कार! आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे." त्यानंतर नऊ दिवस शुकशुकाट. अजून मोलच ठरवत बसले असावेत.

आज सकाळी त्याच पेजवर पोस्ट आली. "तुम्ही आमचे ग्राहक नाही, आमचं कुटुंब आहात." हात जोडलेले, खाली ढीगभर बदाम. मी तिथे लिहिलं, अगदी सभ्य भाषेत, की कुटुंबातल्या एकीचा लॅम्प बंद पडलाय, नऊ दिवसांपूर्वीच्या मेसेजला माणसाचं उत्तर मिळेल का? बस. एवढंच. फोटो नाही, शिवी नाही, उद्गारचिन्हसुद्धा नाही.

दुपारपर्यंत एक लाइक नाही, एक शब्द नाही. माझ्या वर-खाली आलेल्या "खूप छान", "अभिनंदन" वगैरेंना पेजकडून एकेक हृदय मिळालेलं. भाच्याला विचारलं, "अरे, माझी कमेंट दिसतेय का?" म्हणाला, "दिसतेय की मावशी." मग त्याच्या शेजारी बसलेल्या मित्राने स्वतःच्या फोनवर पाहिलं. त्याला दिसेना. वर-खाली केलं, "सर्व कमेंट्स" करून पाहिलं. नाहीच.

पेज चालवणाऱ्यांना हे ठाऊक असतं, बाकीच्यांसाठी सांगते. फेसबुकवर पेजला कमेंट "हाइड" करता येते. डिलीट नव्हे, हाइड. म्हणजे ती कमेंट ज्याने लिहिली त्याला आणि त्याच्या मित्रयादीतल्यांना दिसत राहते, बाकी जगाला दिसत नाही. लिहिणाऱ्याला वाटतं, आपण चारचौघांत बोललो. प्रत्यक्षात त्याला आवाज जाणार नाही अशा खोलीत उभं केलेलं असतं आणि काचेतून बाहेरची गर्दी तेवढी दाखवलेली असते. डिलीट केली असती तर निदान कळलं असतं, भांडता तरी आलं असतं. हे म्हणजे तोंडावर हसून पाठीमागे दार लावून घेणं.

आणि वर म्हणे कुटुंब.

मी स्वतः एक छोटं पेज चालवते, हे तुम्हाला माहीतच आहे. हाताने शिवलेल्या वह्या. तुमच्यापैकी निम्म्यांकडे माझी एक तरी वही आहे आणि त्यातल्या निम्म्यांनी ती "चांगली आहे म्हणून वापरवत नाही" असं सांगून कपाटात ठेवलीय, त्याबद्दल नंतर भांडू. सांगायचं हे की पेज काय असतं ते मला बाहेरून ऐकून माहीत नाही. म्हणून आज जास्त चिडले.

२०१९ ची गोष्ट. काहींनी ऐकलीही असेल. नेहमीचा दोरा मिळाला नाही म्हणून एका खेपेला मी बारीक दोरा वापरला. जुजबंदीत, म्हणजे पानांच्या जुड्या एकमेकींना शिवून केलेल्या बांधणीत, सगळा भार दोऱ्यावर असतो. प्रत्येक फर्मा (मधोमध दुमडलेल्या पानांची जुडी) मागच्या फर्म्याला दोऱ्यानेच धरलेला. बारीक दोरा तुटत नाही, तो कागद कापतो. वही चारदा सपाट उघडली की शिलाईची भोकं लांबट होतात आणि मधली पानं निसटतात. एक शिक्षिका, माझ्या अगदी सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकी, त्यांनी पेजवर फोटो टाकला. एका हातात वही, दुसऱ्या हातात मधला फर्मा. खाली एकच ओळ : "ताई, हे असं झालं."

मी तिथेच, सगळ्यांसमोर उत्तर दिलं. चूक माझी, दोरा बदलला होता, टिकेल असं वाटलं, टिकला नाही. या खेपेतली वही ज्यांच्याकडे असेल त्यांनी सांगा, नवी पाठवते, जुनी परत पाठवू नका. अकरा जणांनी सांगितलं. अकरा वह्या पुन्हा शिवल्या. त्यातल्या बहुतेक जणी आजही घेतात, चार नवीन माणसं घेऊन येतात. त्या शिक्षिकेने तर शाळेतल्या सगळ्यांना लावलंय. त्या एका उत्तराने जे काम केलं ते माझ्या शंभर सुंदर फोटोंनी केलं नाही. खिडकीतला उजेड, वाळलेलं पान, शाईची दौत, सगळं करून झालंय माझं. लोक बदाम टाकतात आणि पुढे जातात. त्या फोटोखाली मात्र लोक थांबले. वाचलं. मला न विचारता एकमेकींशी बोलल्या.

आता कुणीतरी म्हणणार, तुझं पेज चिमूटभर, त्यांचं लाखांचं, प्रत्येकाला कुठे उत्तर देत बसतील. बरोबर आहे, नाही देता येत. पण लपवायला वेळ मिळाला ना? माझी कमेंट कुणीतरी वाचली, किंवा कुठल्यातरी यादीत बसवली, आणि ठरवलं की ही नको. उत्तरालाही तेवढाच वेळ लागला असता. "मेसेज पाहतो" एवढे दोन शब्द.

मुळात "फॉलोअर" या शब्दानेच घोळ केलाय. मराठीत अनुयायी म्हटलं की कुणीतरी पुढे दिंडी घेऊन चाललंय असं वाटतं. कसले अनुयायी! बस यायला वेळ आहे म्हणून थांबलेली माणसं आहेत ती. बोलणं आवडलं तर ऐकतात, नाही तर बस येतेच. त्यांना मोजता येतं म्हणून ती आपल्या मालकीची होत नाहीत.

मोजण्याचं वेड आम्हा पेजवाल्यांना किती होतं (आहे) ते सांगते. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की यापुढे फीडमध्ये मित्र आणि घरच्यांच्या पोस्ट आधी, पेजेसच्या नंतर. माणसांनी माणसांशी बोलावं म्हणून. आमच्या ग्रुपमध्ये तेव्हा सुतक पडल्यासारखं झालं होतं. रीच गेला, रीच गेला, म्हणजे पोस्ट लोकांपर्यंत पोचेनाशा झाल्या. त्यावर काय करावं? तर लोकांशी खरंच बोलावं, इतकं सरळ होतं. पण नाही. "सहमत असाल तर यस लिहा", "अशा मैत्रिणीला टॅग करा", "हिरवा आवडतो तर लाइक, निळा आवडतो तर बदाम". त्याच्या महिनाभर आधी, डिसेंबर २०१७ मध्ये, फेसबुकने असल्या भीक मागणाऱ्या पोस्ट खाली ढकलणार असं सांगितलेलं होतं, तरी लोक करत राहिले. आजही करतात. मीही केलंय. निळा-हिरवा माझाच होता. एकशे चाळीस कमेंट आल्या आणि त्यांतल्या एकाही माणसाचं नाव मला आज आठवत नाही.

त्या फर्मा हातात धरलेल्या फोटोखाली मात्र कोण कोण काय म्हणालं ते मी आत्ता घडाघडा म्हणून दाखवेन.

इथपर्यंत लिहिलं आणि उठून चहा केला. चहा पिताना जरा लाज वाटली. कारण वरची गोष्ट मी नेहमी सांगते तशीच सांगितली. अर्धी.

तो फोटो आला तेव्हा मी लगेच उत्तर दिलं नव्हतं. मी तो उडवला होता.

हो. डिलीट. रात्रीचे साडेअकरा झाले होते, दुसऱ्या दिवशी नव्या वह्यांची घोषणा करायची होती, आणि पेज उघडलं तर सगळ्यांत वर तो फोटो. हात थरथरले अक्षरशः. वाटलं, सकाळी बघू, आधी हे इथून जाऊ दे. एक टिचकी, "डिलीट करायचं?", हो. आणि छातीवरचं ओझं उतरलं, खोटं कशाला बोलू. मस्त झोप लागली.

दोन दिवसांनी त्या शिक्षिकेचा इनबॉक्समध्ये मेसेज. "ताई, शिलाई सुटली त्याचं काही नाही, हाताचं काम आहे. पण फोटो का काढलात? मी तुमचं नाव खराब करायला टाकला नव्हता. तुम्हाला कळावं म्हणून टाकला होता."

मी फोन उपडा ठेवून कितीतरी वेळ बसून राहिले. मग त्यांना लिहिलं, तो फोटो पुन्हा टाकाल का? त्यांनी टाकला. तोच फोटो, तीच ओळ. त्याखाली मग माझं ते शूर उत्तर, जे मी गेली कित्येक वर्षं मिरवतेय. दोन दिवस मी काय केलं ते त्या उत्तरात नव्हतं. त्यांनीही ते कधी कुणाला सांगितलं नाही. विश्वास कुणी कुणावर ठेवला होता, हा प्रश्नच आहे.

तेव्हा लॅम्पवाल्यांच्या पेजमागे बसलेल्या त्या मुलाला किंवा मुलीला (बहुतेक नोकरीला लागून वर्षही झालं नसेल, एकटीच्या गळ्यात पाच पेजेस असतील, वरचा साहेब रोज आकडे मागत असेल) मी काय म्हणून शिव्या घालू? तिचेही हात थरथरले असतील. तिला उत्तर द्यायचा अधिकारच नसेल. "तक्रार आली की हाइड कर आणि मला सांग" असं सांगितलेलं असेल आणि सांगितल्यावर पुढे कुणी काही केलं नसेल. तिच्यावर नाही माझा राग.

पण ज्याने "कुटुंब" हा शब्द लिहून मंजूर केला ना, त्याच्यावर आहे. पूर्ण आहे. तो कमी झालेला नाही. घरच्या माणसाने जेवताना सांगितलं की भाजी खारट झालीय, तर तुम्ही त्याच्या तोंडासमोर काच लावता का? नुसतं गिऱ्हाईक म्हणा ना. गिऱ्हाईक हा चांगला, स्वच्छ शब्द आहे. गिऱ्हाइकाला पावती असते, हक्क असतो. कुटुंब म्हटलं की सगळं गोडीगुलाबीने सोडून द्यायचं.

आणि शिवीगाळ करणारे, एकच मजकूर पन्नास ठिकाणी चिकटवणारे, बायकांच्या पेजवर येऊन घाण लिहिणारे, त्यांना लपवा, उडवा, ब्लॉक करा, माझी काही हरकत नाही. मीही करते. तेवढ्यासाठी ते बटण हवंच.

तर लाज वाटली म्हणून चहा ठेवून माझ्याच पेजच्या सेटिंगमध्ये गेले. तिथे एक शब्दांची यादी असते. तुम्ही जे शब्द घालाल ते असलेली कमेंट आपोआप लपते. माझ्या यादीत शिव्या होत्या, एक-दोन सट्ट्याचे शब्द होते आणि सगळ्यांत खाली, २०१९ मधल्या त्याच साडेअकराच्या रात्री घातलेले असणार, दोन शब्द होते. "सुटली" आणि "परत".

"परत" मी घातला होता कुणी पैसे परत मागू नयेत म्हणून. म्हणजे मागितले तरी इतरांना दिसू नयेत म्हणून. आणि तो काढायचा राहिला. इतकी वर्षं.

तुम्हीच बघा आता, मराठीत "परत" म्हणजे काय काय. जुन्या पोस्ट उघडत गेले. लपलेल्या कमेंट पेजवालीला फिक्या दिसतात, पण जुन्या पोस्ट उघडून बघतो कोण. "परत कधी येणार या वह्या?" लपलेली. "परत घेणार नक्की!" लपलेली. "आईला दिली, ती परत मागतेय आणखी एक." लपलेली. आवडल्याचं सांगायला आलेली माणसं. मी त्यांना सगळ्यांना काचेमागे उभं केलं होतं आणि वर ग्रुपमध्ये जाऊन रडत होते की रीच गेला, लोक बोलत नाहीत.

आठ महिन्यांपूर्वीची एक आहे. "मी डावखुरी आहे, शिलाई डावीकडे असली की हात त्या उंचवट्यावर अडखळतो. वरच्या बाजूला शिवलेली वही मागे एकदा केली होतीत, ती परत कराल का?" खाली तिच्याच एका मैत्रिणीने लिहिलंय, "अगं त्या उत्तर देतात नेहमी, थांब जरा."

ती थांबलीय आठ महिने.

दोन्ही शब्द यादीतून काढलेत. लॅम्पवाल्यांचं अजून काही नाही. वरच्या बाजूने शिवायची तर आडव्या कागदाचे फर्मे वेगळे पाडावे लागतात, तेवढा कागद घरात आहे का बघते आणि आधी तिला उत्तर देऊन येते.