आजोबा, तुम्ही खरे आहात का?

मागच्या रविवारी संध्याकाळी एका अनोळखी माणसानं माझ्या हातावर वीस रुपयांची नोट ठेवली आणि "असू द्या आजोबा, चहाला" म्हणून तो चालता झाला. माझं वय ५४. जिल्हा परिषदेच्या शाळेत २८ वर्षं शिकवतोय, तीन एकरांचा सातबारा माझ्या नावावर आहे, आणि त्या वेळी मी एका हॉटेलच्या दारात जेवणाची वाट पाहत बसलो होतो. भीक मागत नव्हतो.

चूक पुण्याच्या भाच्याची. तो सुटीत आला आणि "मामा, आज तुम्हाला गावरान जेवण खाऊ घालतो" म्हणाला. मी गावात राहतो. माझ्या घरात सकाळी तव्यावर ज्वारीची भाकर भाजली जाते तेव्हा मी ते गावरान आहे असं म्हणत नाही, भाकर आहे असं म्हणतो. पण पोरगं प्रेमानं म्हणत होतं, बायको निम्मी तयार होऊन बसली होती आणि मी नुकताच वावरातून आलो होतो. पायजमा, सदरा, डोक्याला दुपट्टा, तसाच गाडीत बसलो. संध्याकाळचे सात वाजले होते, तरी डांबराच्या झळा येत होत्या. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या खाली उतरला तर लोक पाऊस येणार का म्हणून वर पाहतात. अशा दिवसांत दुपट्टा हा पोशाख नसतो, इलाज असतो. हे पुढं कामाचं आहे, म्हणून सांगून ठेवतो.

हॉटेल नागपूर-अमरावती रस्त्याला, पूर्वी जिथं संत्र्याचा बगीचा होता तिथं. बगीचा वाळला, मालकानं झाडं तोडली, आणि आता त्या जागेवर सिमेंटची झाडं आहेत. त्यांना पाणी लागत नाही. दारात बैलगाडी, तिला बैल नाहीत. विहीर आहे, तिच्यात निळा दिवा आहे. आणि गर्दी एवढी की जत्रा बरी. माइकवरून एक पोट्टा टोकनचे आकडे पुकारत होता आणि मागे खंजिरीचं भजन लावलेलं, त्याच्याखाली वरातीतल्या डीजेचा ठेका. मोझरी इथून फार लांब नाही. ज्या खंजिरीवर तुकडोजी महाराजांनी गावंच्या गावं जागी केली, तिच्या तालावर लोक पार्किंगमध्ये गाडी मागे घेत होते.

आमचं टोकन ५३. पुकारा २९ वर. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी आमची शकुंतला रेल्वे ११३ किलोमीटरला सहा-सात तास घ्यायची, पण तिच्यात निदान फुटाणेवाला चढायचा. इथं काहीच नव्हतं. भाचा फोनवर बोलायला गेला, बायको निळ्या विहिरीचे फोटो काढायला गेली. दाराशी एक बाज टाकलेली दिसली, शेजारी कंदील, तांब्या. रिकामी होती. मी बसलो.

पाच मिनिटांत एमएच १२ ची पांढरी गाडी थांबली. आई, वडील, सात-आठ वर्षांचा मुलगा. बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, मान तिरकी करून मला पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "किती छान ठेवलंय ना!"

मला वाटलं, कंदिलाबद्दल बोलताहेत.

"आजोबा, जरा उजवीकडे सरकता? तांब्या दिसत नाहीये."

मी सरकलो. का सरकलो हे मी आठ दिवस स्वतःला विचारतोय. २८ वर्षं पोरांना 'सरका' म्हणत आलो, त्यामुळं कोणी तेवढ्याच अधिकारानं म्हटलं की अंग आपोआप सरकत असावं. एका बाजूला बाई बसल्या, दुसऱ्या बाजूला मुलगा. "हसू नका आजोबा, नॅचरल राहा. लांब बघा, शेताकडे." शेताकडे पार्किंग होतं. मी पार्किंगकडे पाहिलं. तीन फोटो निघाले. मग मुलानं माझ्या गुडघ्याला बोट लावून पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही खरे आहात का?"

आता, वर्गात मला एकानं विचारलं होतं की शून्याला शून्यानं भागलं तर काय. तेव्हाही मी इतका अडलो नव्हतो. "हो बाळा, खरा आहे," एवढंच निघालं. त्यावर वडिलांना गहिवरून आलं आणि त्यांनी खिशातून ती नोट काढली. मी हात मागे घेतला, त्यांनी पुढे आणला. "अहो, मी इथं जेवायला..." असं मी सुरू केलं, तर ते म्हणाले, "हो हो, त्यातूनच जेवा." आणि माइकवर ३४ चा पुकारा झाला.

तेवढ्यात मागून खोकल्याचा आवाज आला. "ओ भाऊ. उठा."

वळून पाहतो तर पांढरंशुभ्र धोतर, लाल फेटा, कमरेला चंची आणि मिशा अशा की एकीवर कावळा बसावा. सत्तरीचा म्हातारा.

"काऊन?" मी.

"काऊन म्हंजे? हे माही जागा हाय. मी लघवीले गेलतो त तुमी बसूनच गेले! फोटो काढले काय त्यायनं?"

"काढले."

"किती देल्ले?"

मी मूठ उघडली. त्यानं नोटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हिशेबाच्या आवाजात म्हणाला, "जागा माही, थोबाड तुमचं. दहा दहा." आणि खरंच चंचीतून दहाची नोट काढून माझ्या हातात दिली, वीसची घेतली. म्हणाला, "हिशोबात खोट नाई पायजे."

मग आम्ही दोघं बाजेवर बसलो. टोकनला अजून अवकाश होता आणि मला, खरं सांगतो, त्याचा रागही येत होता आणि उठवतही नव्हतं. त्याला इथं संध्याकाळी सहा ते अकरा बसायचे ४०० रुपये मिळतात, उरलेलं जेवण वेगळं. धोतर हॉटेलचं, जाताना जमा करावं लागतं, तो स्वतः पँट घालून येतो. "मिश्या माह्या आहेत," तो म्हणाला, "त्याचे पन्नास धरून चारशे." काम म्हणजे बसायचं. पण बसायचं म्हणजे नुसतं बसायचं नाही, त्याचं शास्त्र आहे.

"चष्मा लावाचा नाई. घड्याळ घालाचं नाई. मोबाइल धोतरात, वाजला त आपला नाई म्हनाचं. गाडी थांबली का एकदा खोकलाचं. एकदाच. लय खोकललं का लोकं दूर सरकतात, पोराले हात लावू देत नाईत. पुन्याची गाडी असली त 'राम राम पावनं' म्हनाचं."

"आणि नागपूरची असली तर?"

"काहीच नाई म्हनाचं. थे ओयखतात."

त्याचंही अडीच एकर वावर आहे. आता मक्त्यानं दिलंय. "पन्नास वर्सं तिथं बसलो बाप्पा, धुऱ्यावर, उन्हात. एकानं फोटो नाई काढला." एवढं बोलून तो खोकला, कारण गाडी थांबली होती. मग आवाज बदलून "राम राम पावनं!" आणि पुन्हा माझ्याकडे वळून, त्याच दमात, "पराटीचे, कापसाचे पैसे हाती याले पाच पाच महिने. इथं रोज रातच्याले रोकडे. सांगा."

मी काय सांगणार. पण मला बरं वाटावं म्हणून की काय, तो माझ्याकडे नीट निरखून म्हणाला, "तुमाले मात्र जमत नाई. तुमी ताठ बसता. शेतकरी असा बसते काय? तुमी बसले जसे पोट्टे पेपरात कॉपी करू रायले."

आता इथं मी दुखावलो, हे लपवत नाही. माझे वडील, त्यांचे वडील, सगळे कापूस पिकवून गेले. माझ्या तीन एकरांत यंदा तूर होती. आणि हा पगारी शेतकरी मला सांगतोय की मी शेतकऱ्यासारखा दिसत नाही. आणि तो पांढऱ्या गाडीवाला? त्याला तर मी एवढा दिसलो की त्यानं पैसे दिले. काहीतरी एक ठरवा म्हणावं.

५३ आलं.

जेवणाबद्दल थोडक्यात. मेनूकार्डावर सांबारवडी 'साउथ इंडियन फ्यूजन' या सदरात होती. आमच्या वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे कार्ड लिहिणाऱ्याच्या गावी नसावं. त्याचं गाव कोणतं ते विचारायची इच्छा झाली. ऑर्डर घ्यायला आलेला पोरगा माझ्याच हाताखाली सातवी झालेला निघाला. "काय रे, तू इथं?" तर तो छताकडे बघून म्हणाला, "सर, ड्युटीवर ओळख दाखवायची नसते. ही आमची सिग्नेचर डिश आहे, चून टाको." मग हळूच खाली वाकून, "सर, पाटोडी नका घेऊ, सकाळची हाय."

चून टाको म्हणजे ज्वारीची तळहाताएवढी भाकर मधे दुमडलेली, आत चून, म्हणजे आमचा झुणका, वर चिरलेला कांदा आणि आंबाडीच्या भाजीची एक रेघ. दोन नग, २४० रुपये. १९९५ साली राज्यात सरकार बदललं तेव्हा झुणका-भाकर केंद्रं निघाली होती, एक रुपयात. मी तालुक्याच्या स्टँडजवळ उभ्यानं खाल्लेली आहे, चून पातळ होतं, भाकर थंड होती, आणि कोणी ती मधे दुमडून दिली नव्हती. ते आपण दुमडायचं. तेवढ्या दुमडण्याचे २३९ रुपये आताशा लागतात.

वरण शॉट नावाचा प्रकार आला. काचेच्या इवल्याशा ग्लासात वरण, वर तुपाचा थेंब, ९० रुपये. त्यात तूर असेल फार तर १५ ग्रॅम. या हंगामात तुरीचा हमीभाव क्विंटलला ८००० होता, म्हणजे जेमतेम सव्वा रुपयाची तूर. तीसुद्धा हमीभाव हाती पडला असता तर. मी माझी तूर कितीला विकली ते इथं सांगत नाही, जेवणाच्या गोष्टीत ते बरं दिसत नाही.

आणि राग याचा, की जेवण चांगलं होतं. गोळाभात मऊ, त्यावर फोडणीचं कढत तेल टेबलाशी आणून ओतलं, हिंगाचा वास असा की आईची आठवण झाली. कोपऱ्यात एक बाई उलट्या मडक्यावर लांब रोटी टाकत होती. सैल कणीक दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ताणायची आणि तापल्या मडक्यावर अशी सोडायची की घडी पडत नाही. हे कोणाला दहा दिवसांत शिकवता येत नाही. तिच्याभोवती पाच मोबाइल होते, पण तिच्या डोक्यावर पंखा नव्हता. पंखा लावला तर विस्तव भडकतो, असं पोरगा म्हणाला. असेलही.

मग बिल. खाली एक ओळ : 'अनुभव शुल्क, ४९ × ३'.

"हे काय?"

"सर, ते वातावरणाचं." पोरगा पुन्हा छताकडे. "बाज, कंदील, आबाजी."

आता मात्र मी उभा राहिलो. सेवा शुल्क आपोआप बिलात लावायचं नाही, दुसऱ्या कोणत्या नावानंही नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला सांगून ठेवलंय. मी पेपर वाचतो. पण मॅनेजर आला तेव्हा माझ्या तोंडून कायदा निघालाच नाही. निघालं ते वेगळंच. "अहो, बाजेवर मी बसलो होतो. त्या पुण्याच्या लोकांना अनुभव मी दिला. फोटोत मी आहे. आणि शुल्क मलाच?"

मॅनेजरनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. दुपट्ट्यावर त्याची नजर थांबली. आवाज खाली आणून तो म्हणाला, "काका, पुढच्या रविवारी आबाजींच्या भाचीचं लग्न आहे. तुम्ही याल का? तीनशे देऊ. मिश्या नाहीत ना तुम्हाला."

भाच्यानं तोवर मोबाइलवरून पैसे भरलेही होते. "जाऊ द्या ना मामा." बायको गाडीपर्यंत पदर तोंडाला लावून चालली, आणि ती रडत नव्हती. बाहेर आबाजी कोणाच्या तरी पोराला मांडीवर घेऊन लांब पार्किंगकडे पाहत होता. मला पाहून त्यानं ओळख दाखवली नाही. ड्युटीवर होता.

मी मॅनेजरला नाही म्हटलं, हे स्पष्ट करतो. दहाची नोट पाकिटात वेगळ्या कप्प्यात आहे, खर्चवत नाही. काल संध्याकाळी अंगणात बाजेवर बसलो होतो. बायको भाजी निवडता निवडता दारातून बघत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "अवो, पाठ जराशी वाकवून बसा ना."